ड्रमर नसलेल्या रेकॉर्डमधले ड्रम

मा. संपादक,
स. न.

जुन्या रॉक अँड रोल गाण्यांच्या रिमिक्सवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. या विषयाला आपण जागा दिलीत हे चांगलेच झाले. पण त्यातल्या दोन विधानांबद्दल लिहिणे भाग आहे. पहिले असे, की रिमिक्स १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये जन्माला आला. दुसरे असे, की आता सॉफ्टवेअर गळा आणि वाद्ये वेगळी करून देते, त्यामुळे १९५० च्या दशकातल्या कोणत्याही रेकॉर्डचा रिमिक्स घरबसल्या करता येतो. पहिले विधान निदान या संगीतापुरते तरी चूक आहे. दुसरे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी आज ऐकायला मिळणारे बहुतेक प्रयोग सपक निघतात.

आधी इतिहास. १९६१ मध्ये जेम्स टेनी हा तरुण संगीतकार अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकत होता. लेजारेन हिलर यांनी तिथे उभ्या केलेल्या स्टुडिओत त्याने एल्विस प्रेस्लीची ‘ब्लू स्वेड शूज’ ही रेकॉर्ड टेपवर उतरवून घेतली, तिचे तुकडे पाडले, काही उलटे जोडले, काहींचा वेग चढवला, काहींचा उतरवला, ते एकमेकांवर रचले आणि ‘कोलाज नंबर १ (ब्लू स्वेड)’ तयार केले. रचना काही मिनिटांचीच आहे. सुरुवातीला नुसता खडखडाट आणि किलबिलाट ऐकू येतो, गाणे कुठले ते कळत नाही. मग प्रेस्लीचा गळा तुकड्यातुकड्यांनी वर येतो आणि ओळख पटते. डिस्कोवाल्यांची बारा इंची सिंगल (एकाच गाण्याची लांबवलेली, नाचासाठीची तबकडी) यायला अजून दहा वर्षांहून जास्त अवकाश होता.

आता यातली खरी मेख. टेनीने ज्या रेकॉर्डवर ब्लेड चालवले ती मुळात कव्हर होती, म्हणजे दुसऱ्याचे गाणे नव्याने गाऊन केलेली आवृत्ती. गाणे कार्ल पर्किन्सचे. त्याने ते डिसेंबर १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत मुद्रित केले आणि १ जानेवारी १९५६ ला ते बाजारात आले. प्रेस्लीने त्याच महिन्याच्या ३० तारखेला न्यूयॉर्कमध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी ते पुन्हा गायले. पर्किन्सचे गाणे ऐटीत, रमतगमत चालते आणि सुरुवातीच्या ओळींमध्ये थांबा घेऊन रेंगाळते. प्रेस्लीने लय वाढवली, ते थांबे आवळले आणि गाण्याला पुढे रेटले. टेनीच्या तुकड्यांना जी धार आहे ती बरीचशी या आवळलेल्या थांब्यांमधून येते, असे आमचे मत आहे. पर्किन्सच्या रेकॉर्डवरून त्याच पद्धतीने कोलाज केले असते तर ते इतके टोकदार झाले नसते.

दुसरे उदाहरण कॅनडाचा संगीतकार जॉन ऑस्वाल्ड याचे. ‘द ग्रेट प्रिटेंडर’ हे द प्लॅटर्सचे १९५५ चे गाणे. डॉली पार्टनने १९८४ मध्ये त्याचे कव्हर केले. ऑस्वाल्डने १९८८ च्या ‘प्लंडरफोनिक्स’ या संग्रहात पार्टनची ती रेकॉर्ड घेतली आणि तिचा वेग हळूहळू उतरवत नेला. उंच, चिमणा आवाज खाली येता येता बाईचा होतो आणि आणखी खाली जाताना चक्क पुरुषाचा होतो. मूळ गाणे पुरुषाने गायलेले, कव्हर बाईने केलेले, आणि रिमिक्सने ते परत पुरुषाच्या पट्टीकडे नेले. तेही शब्द सोंग घेण्याबद्दलचे असताना. एका चाकाचा वेग बदलून साधलेला इतका बोलका प्रयोग दुसरा सांगता येणार नाही. (पुढच्याच वर्षी त्याने याच नावाची सीडी काढली, हजार प्रती फुकट वाटायला घेतल्या, आणि कॅनडाच्या रेकॉर्ड उद्योगाच्या तक्रारीमुळे उरलेल्या प्रती त्याला नष्ट कराव्या लागल्या. हक्कांच्या या प्रश्नाबद्दल शेवटी.)

म्हणून कव्हर रेकॉर्ड रिमिक्ससाठी घेताना आधी एकच गोष्ट तपासायची: या गायकाने मूळ गाण्यात नेमके काय बदलले? लय, माप, गायकाचे लिंग, शब्द, वाद्ये, थांबे? जे बदलले तिथेच ब्लेड लावायचे. चबी चेकरने १९६० मध्ये हँक बॅलर्डच्या ‘द ट्विस्ट’चे केलेले कव्हर प्रचंड चालले, पण ते मुळाची जवळजवळ हुबेहूब नक्कल आहे, दोन्ही रेकॉर्ड शेजारी ठेवल्या तरी रिमिक्सवाल्याच्या हाती फारसे लागत नाही. त्या लाटेचे पाणी १९६५ च्या ‘भूत बंगला’मधल्या आर. डी. बर्मन यांच्या ट्विस्टपर्यंत पोचले, ते कितीतरी रंजक आहे. पण तो वेगळा विषय. याउलट ‘हाउंड डॉग’ घ्या. बिग मामा थॉर्नटनने ऑगस्ट १९५२ मध्ये गायलेले, लायबर आणि स्टोलर या जोडीने लिहिलेले, पुरुषाला हाकलून देणाऱ्या बाईचे संथ, गुरगुरते गाणे. प्रेस्लीची १९५६ ची रेकॉर्ड फ्रेडी बेलच्या विनोदी आवृत्तीवरून आलेली: शब्द बदललेले, लय दौडती आणि कडव्यांच्या मध्ये ड्रमर डी. जे. फॉन्टानाचे मशीनगनसारखे रोल. इथे दोन रेकॉर्डमधल्या फरकातच संपूर्ण रिमिक्स दडलेला आहे.

आता सॉफ्टवेअरकडे. डीझर कंपनीचे ‘स्प्लीटर’ २०१९ च्या अखेरीस खुले झाले. फेसबुकच्या संशोधकांचे ‘डेमक्स’ही त्याच सुमाराचे. दोन्ही प्रोग्राम गाण्याचे सहसा चार स्टेम (वेगळे काढलेले आवाजाचे थर) करून देतात: गळा, ड्रम, बास आणि ‘इतर’. ते शिकले आहेत आधुनिक स्टिरिओ गाण्यांवर, ज्यांत प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतलेले असते. १९५४ मधली सन स्टुडिओची रेकॉर्ड म्हणजे एक खोली, मोजके माइक आणि एकच मोनो ट्रॅक. प्रेस्लीच्या पहिल्या सिंगलच्या दोन्ही बाजू कव्हर होत्या, आर्थर क्रुडपचे ‘दॅट्स ऑल राइट’ आणि बिल मन्रोचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’, आणि दोन्हींवर ड्रमर नाही. प्रेस्लीची गिटार, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि बिल ब्लॅकचा उभा बास, इतकेच. तरी प्रोग्रामला ही रेकॉर्ड खाऊ घाला, तो तुम्हाला ड्रमचा स्टेम काढून देतो! ते असतात ब्लॅकच्या तारा फळीवर आपटल्याचे टक्-टक् आवाज. बासचा गाभा एका फाइलमध्ये, त्याची चापट दुसऱ्या फाइलमध्ये. नवशिका मग ‘ड्रम’ काढून टाकून इलेक्ट्रॉनिक ड्रम लावतो आणि बास एकाएकी फोमच्या गादीवर वाजवल्यासारखा का वाटतो ते त्याला उमगत नाही.

सनमधल्या रेकॉर्डची दुसरी अडचण इको ही आहे. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स हे दोन अँपेक्स टेप यंत्रे वापरून हा इको घडवत. मुद्रणाच्या आणि वाचनाच्या हेडमधले अंतर दोन इंच आणि टेपचा वेग सेकंदाला १५ इंच धरला तर आवाज सुमारे १३३ मिलिसेकंदांनी परत येतो. हा इको गळ्याबरोबर, गिटारबरोबर, सगळ्याबरोबर शिजलेला असतो. स्टेम काढताना गळा एका फाइलमध्ये येतो आणि त्याची सावली बऱ्याचदा ‘इतर’मध्ये राहते. वाद्यांचा स्टेम एकटा वाजवला की मागे गायकाचे भूत कुजबुजताना ऐकू येते. ते घालवायला लोक गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) लावतात, नॉइज रिडक्शन लावतात, आणि मूरची गिटार घुसमटवतात.

यावर आमच्या कामात ठरलेली पद्धत अशी. मोनो फाइल दोन्ही चॅनेलवर सारखीच देऊन स्टेम काढायचे. ड्रम आणि बास हे दोन स्टेम पुन्हा एकत्र करून एकच धरायचे. सन काळातल्या रेकॉर्डवर ते वेगळे नसतातच. मग चारही स्टेमची बेरीज मूळ फाइलमधून वजा करायची (फेज उलटी करून) आणि काय उरते ते ऐकायचे. शिल्लक जवळजवळ शून्य यायला हवी. तिच्यात ओळखू येईल असे गाणे असेल तर फाइल कुठेतरी काही सॅम्पल (म्हणजे सेकंदाचा अगदी सूक्ष्म भाग) सरकली आहे. शेवटच्या मिक्समध्ये अखंड मोनो रेकॉर्ड सुमारे १८ डेसिबल खाली ठेवून खालून वाहू द्यायची. स्टेमच्या कडांना जी पाण्याखालची गुळगुळ येते ती या थराने बरीच झाकली जाते. मात्र यासाठी कुठल्याही स्टेमची लय किंवा पट्टी वेगळी बदललेली चालत नाही. बदलायची तर सगळ्यांची एकदमच.

पण स्टेम हा दुसरा टप्पा. आधी रेकॉर्ड नीट उतरवून घेतली पाहिजे आणि बहुतेकांचे गाडे इथेच रुतते. १९६० च्या दशकात आरसीएने प्रेस्लीच्या मोनो रेकॉर्डना कृत्रिम स्टिरिओ करून पुन्हा विकले. आवरणावर तसे छापलेले असते. एका कानात खर्ज, दुसऱ्या कानात तार, शिवाय कृत्रिम घुमारा. त्या तबकड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. त्या घेऊ नयेत, कारण त्यांचे दोन चॅनेल एकत्र केले की काही कंपने एकमेकांना खातात आणि गळा पोकळ होतो. मोनो ४५ची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) तबकडी किंवा मूळ मोनो मास्टरवरून काढलेली सीडी घ्यावी. तबकडी असेल तर मोनो खाचेसाठी २५ मायक्रॉनची (एक मिल) सुई; स्टिरिओची १८ मायक्रॉनची सुई खाचेत खाली बसते आणि तळाची खरखर उचलते. ७८ असेल तर ७५ मायक्रॉनच्या आसपासची वेगळी सुई हवीच. काट्रिज (सुई बसवलेला भाग) स्टिरिओ असले तर दोन्ही चॅनेल वेगवेगळे उतरवून मग बेरीज करावी, म्हणजे खाचेतला उभा खडखडाट बराच कटतो. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत. १९५४ च्या आधीच्या तबकड्यांना आरआयएए वक्र (तबकडी वाजवताना खर्ज-तार समतोल करण्याचे प्रमाण) सरसकट लागू पडत नाही. थॉर्नटनच्या रेकॉर्डसारख्या तबकड्यांचा खर्ज-तार कानाने जुळवावा लागतो.

टिचक्या मात्र आधीच काढाव्यात. रेकॉर्ड निम्म्या वेगाने वाजवायची असेल तर मिलिसेकंदाची टिचकी लांबते, ठोक्यासारखी वाजते आणि नंतर ती ठेक्यापासून वेगळी काढता येत नाही. खरखर तशीच राहू द्यावी. त्या रेकॉर्डवर ब्रश, झांज आणि खरखर एकाच पट्ट्यात असतात. खरखर काढणारा प्रोग्राम तिघांनाही एकाच झाडूने लोटतो.

घूं असा गुंजारव असेल तर त्याचे कंपन मोजावे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. वेग बरोबर असताना गुंजारव ५० वर दिसला तर दोष आपल्या टर्नटेबलच्या अर्थिंगचा आहे. ६० वर दिसला तर तो रेकॉर्डमध्येच आहे. आणि ६१.२ वर दिसला तर मुद्रण आणि तबकडी यांच्या मध्ये कुठेतरी वेग दोन टक्क्यांनी वाढला असल्याची दाट शक्यता. हा दोन टक्क्यांचा फरक पट्टीत सेमीटोनच्या (सप्तकाच्या बाराव्या भागाच्या) एक-तृतीयांशाइतका पडतो. त्यामुळे सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) बास ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराने लावला की तो रेकॉर्डशी भांडतो. रेकॉर्ड सुराला आणायच्या फंदात न पडता सिंथ रेकॉर्डला लावावा. गाण्यात तीन-चार ठिकाणी बासचा स्वर मोजून सरासरी घ्यावी. मूळ रेकॉर्डला ७०–८० हर्ट्झखाली कापून तिथे नवा सब-बास बसवला तर दोन्ही सुखाने नांदतात.

लयीचा मुद्दा सर्वांत नाजूक. हे वादक क्लिकवर (ताल धरून देणाऱ्या यंत्राच्या टकटकीवर) वाजवत नव्हते. उत्साह वाढला की लय वाढते, सोलो संपला की किंचित बसते. सॉफ्टवेअर आपणहून प्रत्येक मात्रेला खुंटी ठोकते आणि सगळे सरळ रेषेत आणते. त्याने गाण्याचा जीव जातो, आणि तो का जातो हे आकड्यांत सांगता येते. मिनिटाला १८० मात्रा धरा. एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची. सरळ वाजवले तर अर्धी मात्रा १६७ वर पडते. शफल (झुलत्या चालीने) वाजवले तर दुसरा ठोका २२२ वर पडतो. मधले अंतर ५५ मिलिसेकंद. सुरुवातीच्या रॉक अँड रोलमध्ये एक वादक सरळ आणि दुसरा शफल वाजवत असतो, किंवा दोघेही या ५५ मिलिसेकंदांच्या मध्ये कुठेतरी असतात. न्यू ऑर्लीन्सचा ड्रमर अर्ल पामर लिटल रिचर्डच्या उजव्या हाताच्या सरळ ठोक्यांशी जुळवून घेता घेता शफलमधून बाहेर पडला, हे त्याने स्वतःच सांगितलेले आहे. ती ओढाताण म्हणजेच हे संगीत. खुंट्या दर चार मापांनी (एक माप म्हणजे चार मात्रा), तेही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या स्नेअर ड्रमवर ठोकाव्यात. मधल्या जागेला हात लावू नये. नवे ड्रम यंत्राच्या काटेकोर जाळ्यावर न बसवता रेकॉर्डमधून मोजून काढलेल्या ठोक्यांच्या जागांवर बसवावेत.

लय उतरवली की इकोही ताणला जातो, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. १८० ची लय १२० वर आणली की सनचा १३३ मिलिसेकंदांचा इको २०० चा होतो. जो इको आवाजाला चिकटून होता तो आता सुटा ऐकू येतो. मग नव्या वाद्यांनाही २०० चाच इको द्यावा: एकच पुनरावृत्ती, फीडबॅक शून्य, वर ४–५ किलोहर्ट्झला कापलेला. नाहीतर जुने आणि नवे दोन वेगवेगळ्या खोल्यांत वाजल्यासारखे होते.

लय आणि पट्टी एकमेकांपासून सोडवायची की नाही, हा निर्णय कानाने घ्यावा. टेपचा किंवा टर्नटेबलचा वेग बदलला की दोन्ही एकदम बदलतात: निम्म्या वेगाला बरोबर एक सप्तक खाली आणि दुप्पट लांबी, ४५ची तबकडी ३३⅓ वर वाजवली तर सुमारे ५.२ सेमीटोन खाली. ७८ची ४५ वर वाजवली तर सुमारे साडेनऊ. यात गळ्याची घडणही बदलते, छाती मोठी झाल्यासारखी वाटते. ऑस्वाल्डचा प्रयोग उभा आहे तो नेमका यावर. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये घडण राखून पट्टी बदलण्याची सोय बऱ्याचदा आपोआप चालू असते. ती चालू ठेवून त्याचा प्रयोग करून पाहिला तर पार्टन शेवटपर्यंत पार्टनच राहते आणि सगळा खेळ संपतो. मेनूमध्ये ‘री-पिच’ किंवा ‘व्हॅरिस्पीड’ नावाचा पर्याय असतो, तो निवडावा.

टेनीच्या पद्धतीने टेप कापून पाहायचे असेल तर साहित्य आजही फार लागत नाही: पाव इंची टेपचे चालू यंत्र, खाच असलेला स्प्लायसिंग ब्लॉक, चुंबकत्व काढलेले ब्लेड, पिवळी मेणपेन्सिल आणि टेपपेक्षा किंचित अरुंद अशी जोडपट्टी. जोडपट्टी रुंद असली की कडेने डिंक येतो आणि रिळातले थर एकमेकांना चिकटतात. ब्लेडमध्ये चुंबकत्व उरले तर प्रत्येक जोडावर टक् वाजते. १५ इंची वेगाला टेप सेकंदाला ३८.१ सेंटीमीटर सरकते, म्हणजे १८० च्या लयीत एक मात्रा १२.७ सेंटीमीटरची, अर्धी ६.३५ ची आणि चार मात्रांचे माप ५०.८ सेंटीमीटरचे. फूटपट्टीने ताल मोजता येतो! ४५ अंशांत कापले तर टेपच्या रुंदीमुळे एक आवाज दुसऱ्यात सुमारे १७ मिलिसेकंदांत मिसळतो. ९० अंशांत कापले तर तो एकदम आदळतो. गळ्यासाठी तिरका छेद, स्नेअरसाठी सरळ. संगणकावर काम करणाऱ्यानेही हेच आकडे धरावेत: जोडावर ५ ते १५ मिलिसेकंदांचा फेड, आणि जिथे धक्का हवा तिथे शून्य. तुकडा उलटा लावताना लक्षात ठेवायचे, की इको आता आवाजाच्या आधी येतो. म्हणून छेद आवाजाला चिकटून न घेता अर्धी मात्रा दूर घ्यावा, नाहीतर तो उगवतानाच तुटतो.

या सगळ्याची कसोटी पाहायला आम्ही ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ सुचवू. मन्रोने १९४६ मध्ये ते तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये गायले. प्रेस्लीने १९५४ मध्ये ते चार मात्रांत आणले. आपल्या भाषेत, दादऱ्याच्या वळणाची चीज केरव्यात बांधावी तसे. त्याच वर्षी मन्रोने ते पुन्हा मुद्रित केले: सुरुवात वॉल्ट्झमध्ये आणि पुढे चार मात्रांत. म्हणजे मूळ गायकाने कव्हरला दिलेले उत्तरही रेकॉर्डवर आहे. रिमिक्ससाठी दोन मार्ग. मात्रा सारखी धरली तर मन्रोची चार मापे आणि प्रेस्लीची तीन मापे, दोन्ही १२ मात्रांची, एकाच वेळी समेवर येतात. हा १२ मात्रांचा लूप करायचा. माप सारखे धरले तर तीनावर चार असा आडवा ठेका मिळतो. तो जास्त खेचाखेचीचा आहे आणि आमच्या मते जास्त मजेचा. दोन्ही रेकॉर्डच्या पट्ट्या मोजून एक दुसरीकडे आणावी. तीन सेमीटोनपर्यंतचा फरक वेगाने भरून काढावा, उरलेलाच सॉफ्टवेअरने. दोघांचे कॉर्ड तीनच असले तरी ते वेगवेगळ्या वेळी बदलतात, तिथे खर्ज गढूळ होतो. प्रेस्लीची रेकॉर्ड २०० हर्ट्झखाली कापून खर्ज एकट्या मन्रोकडे ठेवावा. आणि दोन गळे एकाच वेळी कधीही चालू ठेवू नयेत. ऐकणाऱ्याला दोन ताल पेलतात, त्यावर दोन कवने पेलत नाहीत.

‘ट्विस्ट अँड शाउट’वर हात चालवणाऱ्यांना तर स्टेमचीही फारशी गरज नाही. टॉप नोट्सचे १९६१ चे फिके मूळ, आइस्ली बंधूंचे १९६२ चे झणझणीत कव्हर आणि त्यावरून बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ ला दिवसभराच्या मुद्रणाच्या शेवटी, लेननचा घसा बसत आला असताना केलेले. ते दोनच ट्रॅकवर घेतलेले असल्यामुळे जुन्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्ये मुख्यतः एका कानात आणि गळे दुसऱ्या कानात आहेत. बॅलन्सचा खटका फिरवला की निम्मे काम झाले. २०२३ मध्ये निघालेल्या त्यांच्या लाल संग्रहात याच गाण्याचे यंत्राने सोडवलेले, नीटनेटके मिक्स आहे. प्रयोगासाठी जुनेच घ्यावे. एकावर एक चढत जाणारे ते ‘आ’कार, किंकाळीच्या अलीकडे कापून, पुन्हा पुन्हा चढवत राहायचे आणि सुटकाच द्यायची नाही.

पण ते प्रसिद्ध करताना सांभाळून. युरोपात आणि ब्रिटनमध्ये १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क पन्नास वर्षांनी संपले. १९६३ पासूनच्यांना सत्तर वर्षे मिळाली. म्हणजे प्रेस्लीची १९५६ ची रेकॉर्ड तिथे मोकळी आहे आणि बीटल्सचे हे मुद्रण २०३३ च्या अखेरपर्यंत नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने १९५६ ची मुद्रणेही २०६६ च्या अखेरपर्यंत बांधलेली आहेत. भारतात मुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा. मात्र मुद्रण आणि गीतरचना हे दोन वेगळे हक्क आहेत: पर्किन्स १९९८ मध्ये वारला, त्यामुळे ‘ब्लू स्वेड शूज’ हे गाणे आपल्या कायद्याच्या हिशेबाने अजून संरक्षितच धरावे लागते, प्रेस्लीची तबकडी कितीही जुनी असो. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३१ सी कव्हरला सक्तीचा परवाना देते, पण पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे गेल्यावर, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरून, आणि तांत्रिक गरजेपलीकडे रचनेत बदल न करण्याच्या अटीवर. कापाकापीचा प्रयोग या शेवटच्या अटीत बसत नाही. त्याला गीताच्या प्रकाशकाची थेट परवानगी लागते. संकेतस्थळांवरच्या यंत्रांना रेकॉर्ड ओळखू आली नाही, म्हणून परवानगी मिळाली असे होत नाही.

लेखात प्रेस्लीच्या ‘अ लिटल लेस कॉन्व्हर्सेशन’च्या २००२ च्या रिमिक्सचे कौतुक होते. तो प्रेस्लीच्या वारसांच्या बाजूने रीतसर परवानगी घेऊन झाला होता, हेही पुढच्या वेळी छापावे. आणि ‘रिमिक्सचा जन्म’ या चौकटीत टेनीचे १९६१ हे साल घालावे, ही विनंती.

आपले,
ध्वनिसंपादनाचे काम करणारे काही वाचक
पुणे